पाव गोळी

एकोणतीस वर्षं प्रेसमध्ये मी कागद तपासले.
उजेडाच्या टेबलावर एकेक शीट,
शाई पसरली का, आकडा सरकला का,
बोटाला कळायचं डोळ्याच्या आधी.
आणि संध्याकाळी मोजणी.
एक कमी भरला तरी अख्खा सेक्शन बसून,
हिशेब जुळेपर्यंत दार उघडत नसे.

रिटायर होऊन सहा वर्षं झाली.
दार अजून उघडत नाही.

रात्री पावणेदोनला मी दिवस तपासायला घेते:
जावेला फोनवर जरा तोडून बोलले,
गॅसचा कॉक,
तेजस्विनीच्या लग्नात द्यायचा राहून गेलेला आहेर,
सन दोन हजार अकरा.
एक कमी भरतो. कुठला तरी. रोज.
शेजारी हे आडवे झाले की घोरतात,
सुईत दोरा ओवायला लागतो त्याहून कमी वेळात.

गोळी सुरू झाली ती ह्यांच्या बायपासच्या वेळी,
पंधरा दिवसांसाठी.
त्या पंधरा दिवसांना आता अकरा वर्षं झाली.
फिकट गुलाबी, टिकलीएवढी.
एकदा सिन्नरला भाचीकडे मुक्कामाला गेले नि डबी घरी राहिली,
तर रात्री साडेदहाला ह्यांना स्कूटरवर पिटाळलं.

मागल्या श्रावणात बाथरूमकडे जाताना पडले. मनगट.
प्लास्टरवर कुणी सही केली नाही,
साठीतल्या बाईच्या करत नाहीत.

डॉक्टर क्षेमकल्याणी म्हणाल्या,
एकदम सोडायची नाही, अजिबात नाही.
जिना उतरतो तसं, कठडा धरून.
आधी पाऊण, मग अर्धी.
झोप नाही आली तर लोळत पडायचं नाही, उठायचं.
सकाळी मात्र सहा म्हणजे सहा, रात्र कशीही जावो.
आणि एक वही घाला.

सुरीने गोळी कापली की भुगा होतो.
भुगा मी बोटाने टिपून खाल्ला,
खोटं कशाला बोलू.

अर्धीवर आले तेव्हा पायात मुंग्या, जबडा आवळलेला,
पंख्याचा आवाज कवटीच्या आतून.
परत पाऊणवर गेले.
डॉक्टर म्हणाल्या, चालतं.

गॅलरीत खुर्ची टाकून बसते.
लांब एकलहऱ्याच्या चिमण्यांवर लाल दिवे लागतात, विझतात.
नाशिकरोड स्टेशनवरची बाई तीन भाषांत सांगते
कुठली गाडी किती उशिरा आहे,
आणि तिन्ही भाषांत तिला खेद असतो.

खाली गेटवर रावजी भोये, सुरगाण्याकडचा.
जागायचा पगार घेतो आणि झोपतो,
पाय स्टुलावर, कानटोपी नाकापर्यंत.
मी बिनपगारी.
वाटलं, सेक्रेटरीला सांगावं.
मग बघतच राहिले.
कुत्रं आलं, त्याचे बूट हुंगून गेलं.
त्या झोपेत तपासण्यासारखं काही नव्हतं.
सोसायटीवर त्या रात्री लक्ष मी ठेवलं.

एकदा विचारलंही, कशी रे लागते तुला?
घाबरला बिचारा.
नाही लागत मॅडम, म्हणाला, मी नुसतं बसतो.

नुसतं बसतो.
हे मला येत नाही.
शिकतेय.

वहीत रकाने: पाठ कधी टेकली,
झोप कधी लागली, किती वेळा उठलात.
मी प्रेसची बाई, मिनिटासकट भरते.
एक दहा. दोन चाळीस. तीन सत्तावीस.

पाव गोळीचा नववा दिवस.
सकाळी वही उघडली
आणि दुसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.
स्टेशनवाली बाई काहीतरी सांगत होती,
गाडीचं नाव ऐकलं नाही.
खेदापर्यंत तर पोचलेच नाही.
तेव्हा किती वाजले होते?
हे म्हणाले, मी काय सांगू, मी झोपलेलो.

रकाना कोरा ठेवला.
एक कमी.
चहाचं आधण ठेवलं,
दार उघडून दुधाची पिशवी आत घेतली.

दुसऱ्या रात्री परत दोन पन्नास.
तेही लिहिलं.
गोळीचे चार तुकडे आता सारखे पडतात.
भुगा झालाच तर
सिंकमध्ये.